आचाऱ्याची पळी

पाटोद्याकडच्या प्रत्येक लग्नात हा आचारी मला भेटतो. कढईशी माणसासारखा बोलतो, "थांब बे, लई उकळू नको!" नैवेद्याआधी चाखायचं नाही, मीठ वासावरून ओळखायचं, हा त्याचा हट्ट. त्याच्या पळीला सख्खा भाऊसुद्धा हात लावत नाही.

काल एका लग्नात ती त्यानं आपल्या पोराला दिली. पोरगा पुण्याहून केटरिंगची डिग्री घेऊन आलेला. वरणावर वाकून वास घेत म्हणाला, "झकास!"

भांडी घासणारी बाई लांबूनच म्हणाली, "मीठ पडलं न्हाई."

आचाऱ्यानं वास घेतला. पोराच्या हातातली पळी काढली आणि भर मांडवात त्या बाईच्या हातात दिली. मी हादरलोच.

"आन् मी?" पोरानं विचारलं.

"भांडी पडल्यात. मीबी तिथूनच सुरू केलतं."