म्हातारपण मोजायला गेलो तेव्हा

किस्से गोळा करायला कुणी मुद्दाम जात नाही. माणूस आपल्या कामाला जातो आणि किस्से कुसळांसारखे कपड्यांना चिकटून घरी येतात. माझ्याकडं असे इतके साठलेत की नवरा म्हणतो, "पगारापेक्षा हेच जास्त मिळालं तुला!"

मी बीडची, फिजिओथेरपिस्ट. म्हातारपणावरच्या एका संशोधनात काम करत होते. माणसं जास्त जगतात, पण धडधाकट कशी जगतील, हा विषय. त्यासाठी हाताची पकड, चालण्याचा वेग, खुर्चीतून उठणं आणि स्मरणशक्ती तपासायची. यावरून शरीर आतून किती थकलंय, याचा अंदाज येतो. ऐकायला सोपं वाटतं ना? या, करून बघा!

पुण्याच्या सुजाता मॅडम आमच्या प्रमुख. तलवाड्याजवळच्या एका वस्तीवर रंगनाथआबांच्या पत्र्याच्या शेडमध्ये आमचं टेबल लागायचं. घरात आबा, त्यांची बायको सुंदरकाकू, थोरला मुलगा बाळू आणि दिवसभर बाजेवर बसून सगळ्या गावावर लक्ष ठेवणारे आबांचे मोठे भाऊ, तात्या.

*

पहिला प्रश्न वयाचा. तिथंच गाडी अडली.

तात्या म्हणाले, "रजाकारीत मी बाजेखाली लपलतो. चांगलं आठवतंय मला."

मॅडमनी आधार कार्ड मागितलं. त्यावरचं जन्मसाल रजाकारीच्या, म्हणजे अठ्ठेचाळीस सालच्या, बरंच नंतरचं! मॅडम एकदा कार्डाकडं बघतात, एकदा तात्यांकडं.

तात्यांनी शांतपणे कार्ड खिशात ठेवलं. "सरकार खोटं बोलतंय का मॅडम? मंग जन्मायच्या आदीच लपलो आसंल मी!"

*

पकड मोजायचं एक यंत्र असतं. मुठीत धरून सगळा जोर लावून दाबायचं. आबांनी ते हातात घेतलं आणि अगदी हळू, पिकलेला पेरू चाचपावा तसं दाबलं. काटा जागचा हलेना.

मला धक्काच बसला. पहाटेपासून चार म्हशी पिळणारा माणूस हा! म्हटलं, "आबा, जोर लावा की."

"दुसऱ्याची वस्तू हाय ताई. मोडली बिडली तर?"

मोडत नाही, म्हणून मी शपथ घेतली. मग आबांनी दाबलं. काटा असा पळाला की मॅडम खुर्चीतून उठल्या. आबांनी यंत्र घाईघाईनं टेबलावर ठेवलं आणि दोन पावलं मागं सरकून म्हणाले, "बगा बरं, चालतंय का आजून?"

*

आता स्मरणशक्ती. तीन शब्द सांगायचे, थोडा वेळ दुसरं काही विचारायचं आणि मग ते शब्द परत विचारायचे. आमचे शब्द होते आंबा, विहीर, टोपी.

सकाळी पहिली सुंदरकाकूंची टेस्ट झाली. दुपारनंतर चमत्कार! जो येईल तो मॅडमनी तोंड उघडायच्या आत, "आंबा, विहीर, टोपी!" एक आजी तर शेडच्या दारातूनच ओरडल्या आणि परत निघाल्या.

बाहेर जाऊन बघते तर काकू रांगेत बसलेल्यांकडून पाठ करून घेत होत्या. "काकू, पेपर फोडला तुम्ही!" मी डोक्याला हात लावला.

"आगं, नापास झालं की लेकरं काय काय ठरवतेत आमचं! एकमेकाला सांगाया नको?"

मॅडमनी दुसऱ्या दिवशी शब्द बदलले. बैल, दिवा, साबण. तर पहिलेच आजोबा भडकले, "हे काय मॅडम? आमाला तर टोपी सांगितलती!"

*

काकू ते लेकरांचं उगाच बोलल्या नव्हत्या. त्यांचा धाकटा, दत्ता, पुण्यात नोकरीला. काकूंचा गुडघा दुखायचा. दोघा भावांनी बसून ठरवलं होतं: टेस्टमध्ये आईचे पाय कमजोर निघाले तर ती पुण्याला, दत्ताच्या फ्लॅटवर. तिथं दवाखाना जवळ, लिफ्ट आहे. आबा ठणठणीत आहेत, त्यांना म्हशी सुटत नाहीत, तेव्हा ते इथंच बाळूकडं. मुलं गुणी, काळजीपोटीच ठरवलेलं. पण आईवडलांची अशी वाटणी झालेली मी खूप बघितली आहे, आणि मला दर वेळी राग येतो.

मॅडमनी दहादा सांगितलं, यात पास-नापास नसतं. ऐकतंय कोण!

*

त्यामुळं खुर्चीची टेस्ट आली आणि काकू अडून बसल्या. हात न टेकता खुर्चीतून उठायचं, परत बसायचं. काकू खुर्चीजवळ जाईनातच.

"जेठ बसलेत समोर. मी खुर्चीवर बसू व्हय?" डोक्यावरचा पदर आणखी पुढं आला.

रीत आहे, मान्य. मी आणि बाळूनं तात्यांसकट बाज उचलून भिंतीकडं फिरवली. तात्या खवळले, "मला कावून फिरवलं बे? माझी काय टेस्ट हाय का?"

"आता बसा, काकू."

काकूंनी चहूकडं नजर फिरवली. मग भिंतीकडं बोट केलं. "मामंजींचा फोटू हाय की!"

मी फोटोही उलटा केला. काकू म्हणाल्या, "आदी च्या ठेवते," आणि गेल्या त्या गेल्याच. मॅडमनी त्यांना साखर कमी करा म्हणून सांगितलं होतं. काकूंनी ऐकलंही. चहात साखर अजिबात नव्हती. गूळ होता, मूठभर!

*

शेवटची टेस्ट चालण्याची. त्या दिवशी दत्ता पुण्याहून गाडी घेऊन आला होता. आईची पिशवी आधीच भरून डिकीत ठेवलेली. अंगणात मॅडमनी चुन्याच्या दोन रेघा मारल्या. एका रेघेपासून दुसरीपर्यंत चालायचं. पळायचं नाही, मुद्दाम हळू नाही, रोज चालता तसं.

काकू एकट्या चालेनात. आणि आबांच्या पुढं? छे! शेवटी मॅडम वैतागून म्हणाल्या, "बरं, आधी आबा. काकू, तुम्ही त्यांच्या मागून या. मी दोघांची वेळ वेगवेगळी घेते."

दोन्ही मुलं ओट्यावर उभी. तात्या बाजेवर सावरून बसले. मॅडमनी घड्याळ सुरू केलं.

आबा निघाले. ताठ, झपाझप. मी मनात म्हटलं, झालं, आबा ठणठणीत, काकू लंगड्या, उद्या घर दोन ठिकाणी.

आणि आबा अर्ध्यात थांबले.

मागं वळून बघितलं नाही. नुसते उभे राहिले. मागून काकू गुडघ्यावर हात ठेवत, एकेक पाऊल टाकत येत होत्या. त्यांच्या जोडव्यांचा आवाज जवळ आला तसे आबा पुन्हा चालू लागले. चार पावलं टाकून परत थांबले.

मॅडमच्या हातातलं घड्याळ चाललेलं. "आबा, अहो थांबता काय? सगळा वेळ गेला! पाय दुखतोय का?"

"न्हाई की."

"मग?"

आबा गोंधळून मॅडमकडं बघत राहिले. "तुमीच म्हणलं न्हाई का, रोजच्यावानी चाला म्हणून?"

दत्ता ओट्यावरून उतरला, गाडीची डिकी उघडली, आईची भरलेली पिशवी उचलली आणि घरात नेऊन ठेवली.

तोवर काकू दुसऱ्या रेघेपाशी पोचल्या होत्या. दम लागला होता. तशाच ओरडल्या, "आरं दत्ता, गोधडी राहिली की डिकीत!"