दुसऱ्या मजल्यावरचं हळदीकुंकू

निवृत्त झाल्यावर लोक गुडघे सांभाळतात, मी लोकांच्या घरात नाक खुपसते. माझी एक मैत्रीण आहे, आयुष्यभर वकिली करूनही न दमलेली. घरात मार खाणाऱ्या किंवा घराबाहेर काढलेल्या म्हाताऱ्या माणसांना आम्ही दोघी मिळून सोडवतो. संस्था वगैरे काही नाही. सदाशिव पेठेतलं माझं जेवणाचं टेबल हेच ऑफिस, आणि तिथे चहा मागितला तरच मिळतो.

गेल्या जानेवारीत कात्रजहून एका बाईंचा फोन आला. त्या दुसऱ्या मजल्यावर राहायच्या. चौथ्या मजल्यावर एक काकू मुलाबरोबर राहत होत्या. मुलगा कंपनीचं काम घरूनच करायचा, त्यामुळे काकूंना बाहेर पडायची सोयच नव्हती. त्याचं ओरडणं आणि काकूंचं रडणं जिन्यात ऐकू यायचं. एकदा या बाईंनी पोलीस बोलावले, तर काकू दारात येऊन म्हणाल्या, "मीच पडले हो बाथरूममध्ये." पोलीस आल्या पावली परत गेले.

घर काकूंच्या नावावर होतं. सोमवारी आईला नेऊन घराच्या कागदांवर सही घ्यायची आणि मग तिची सोय 'बघू कुठेतरी', असं मुलगा फोनवर कुणाला तरी सांगत होता, तेही या बाईंनी जिन्यातच ऐकलं होतं.

"सही झाली की काकू रस्त्यावर," मैत्रीण म्हणाली. "काकू आधी बाहेर पडू देत. घर त्यांचंच आहे, मुलाला तिथून कसं काढायचं ते मी बघते. पण 'मी जात नाही याच्याबरोबर' हे त्यांनी स्वतःच्या तोंडानं म्हणायला हवं."

म्हणजे आधी काकूंशी बोलायला हवं. युक्ती मला सुचली आणि मी स्वतःवर बेहद्द खूश झाले. संक्रांत होऊन गेली होती, रथसप्तमी यायची होती. हळदीकुंकवाच्या बोलावण्याला कुणी नाही म्हणत नाही, आणि तिथे पुरुष फिरकत नाहीत.

दुसऱ्या मजल्याच्या बाई आणि मी चौथ्यावर गेलो. मुलानं दार टीचभर उघडलं. कानात ते वायरवालं यंत्र.

"शनिवारी आमच्याकडे हळदीकुंकू आहे. आईंना पाठवा," बाई म्हणाल्या.

"आईला?" तो म्हणाला. "पण बाबा गेलेत ना."

बायकांच्या पिढ्यान्‌पिढ्यांना जे पाठ, ते नेमकं आम्ही विसरलो होतो. त्यातून मी स्वतः विधवा! नवरा गेल्यावरही मी कुंकू पुसलं नाही, त्यामुळे हा नियम माझ्या डोक्यातूनच पुसला गेला होता. मला त्याचा इतका राग आला की तोंडातून निघून गेलं, "माझेही गेलेत. हे कपाळ बघा. तुमच्यासारखी शिकलेली मुलं अजून असलं मानतात?"

तो ओशाळला. "छे छे, आम्ही तसलं काही मानत नाही. पाठवतो. सात वाजता न्यायला येईन."

शनिवारी मैत्रीण आणि मी आधीच जाऊन बसलो होतो. काकू आल्या. बारीक अंगाच्या, इस्त्रीची साडी, नजर खाली. यजमानीण बाईंनी कुंकवाचं बोट त्यांच्या कपाळाकडे नेलं, तशी काकूंनी झटकन कोपर उचलून तोंड झाकलं. सगळ्या बायकांनी ते पाहिलं. बाईंनी हात तसाच धरून ठेवला, काकूंनी कोपर खाली घेतल्यावर हलकेच कुंकू टेकवलं आणि ढोकळ्याची बशी पुढे केली.

काकूंनी एक तुकडा खाल्ला आणि म्हणाल्या, "विकतचा दिसतोय."

मला हसूच फुटलं. ही बाई अजून शाबूत आहे, मी मैत्रिणीच्या कानात पुटपुटले. मग आम्ही दोघींनी त्यांना आतल्या खोलीत नेऊन सगळं सांगितलं. मैत्रिणीच्या घरी खोली तयार आहे, आजपासून. काकू ऐकत राहिल्या. "त्याला तुरुंगात नाही ना टाकणार?" एवढंच त्यांनी विचारलं. मैत्रीण म्हणाली, "तुम्ही म्हणाल तेवढंच करू." त्या म्हणाल्या, "विचार करते." तेवढ्यात बेल वाजली.

मुलगा दारात उभा. आत इतक्या बायका बघून त्यानं आवाजात साखर घातली. "चल आई."

काकू उठल्या. त्यांनी ताटातला तिळगूळ उचलून त्याच्या तळहातावर ठेवला. "घे. गोड बोल. मी नाही येत तुझ्याबरोबर."

"म्हणजे? लोक काय म्हणतील?"

"लोक इथेच बसलेत. विचार त्यांना."

त्यानं सगळ्यांकडे पाहिलं. बायका शांतपणे ढोकळा खात होत्या.

"बरं, उद्या येतो, मग बोलू," तो म्हणाला.

"फोन करून ये."

"आई, तुझा फोन माझ्याकडे आहे."

"मग देऊन जा."

त्यानं खिशातून फोन काढून दिला. काकूंनी बटण दाबून पाहिलं. "चार्जिंग नाहीये. चार्जर आण." आणि तो खरंच वर जाऊन चार्जर घेऊन आला.

दार लागल्यावर आम्ही काकूंना धरून खुर्चीत बसवलं. यजमानीण बाई रडत होत्या, मीही रडत होते. काकूंनी मैत्रिणीचा हात घट्ट धरला.

"मग सोमवारी मला कुठे जायचं नाहीये ना?"

"कुठेही नाही," मैत्रीण म्हणाली.

"मग ढोकळा मी करते सोमवारी," काकू म्हणाल्या. "घरचा कसा असतो ते कळू दे तुम्हाला."