बोटांना लागलेली कालवड

आमची गाय व्याली त्या सकाळी मला माझी सुटका दिसत होती. मिरजेच्या एका प्रयोगशाळेत नोकरी लागली होती आणि पुढच्या सोमवारी हजर व्हायचं होतं. सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्यांनी महिनाभर आधीच कबूल केलं होतं, "गाय मोकळी झाली की तू बी मोकळी. मग खुशाल जा नोकरीवर." नवरा लष्करात, सासरे हयात नाहीत, दोन गाई, एक म्हैस आणि ते सगळं ओढायला आम्ही दोघी. लग्न होऊन आष्ट्याला आले तेव्हापासून माझा दिवस वैरणीपासून शेणापर्यंत आणि शेणापासून वैरणीपर्यंत. कराडला सूक्ष्मजीवशास्त्र शिकले होते. शेण भरताना त्यातल्या जिवाणूंची इंग्रजी नावं आठवायची, एवढाच त्या पदवीचा उपयोग राहिला होता. त्यामुळे गाईच्या दिवसांवर माझं जेवढं लक्ष होतं, तेवढं माझ्या परीक्षांवरही कधी नव्हतं.

कालवड झाली. काळीभोर, कपाळावर पांढरा ठिपका. तासाभरात धडपडत उभी राहिली आणि आईची कास हुडकायला लागली. आत्यांनी तिला ओढून बाजूला बांधलं.

"आत्या, आधी चीक पाजू या की तिला," मी म्हटलं.

"वार पडू दे आदी. त्याच्या आदी पाजलं तर वार आत ऱ्हाती. आमच्यात कवा पाजलं न्हाई."

आत्यांचं माहेर म्हसवडकडचं. जनावरांच्या बाबतीत माहेरची रीत म्हणजे त्यांच्यासाठी शेवटचा शब्द. मला ठाऊक होतं की वासराला पहिल्या काही तासांत चीक मिळाला नाही, तर पुढं रोगाशी लढायला त्याच्या पोटाला कशाचाच आधार राहत नाही. याच विषयावर मी एकदा वर्गात उभी राहून अर्धा तास बोलले होते. गोठ्यात मात्र एक वाक्य बोलले आणि गप्प बसले. का, तेही सांगते. आत्यांचं बिनसलं असतं तर नोकरीचं कबूल केलेलं बोलणं त्यांनी फिरवलं असतं, अशी मला भीती वाटली. सोमवार माझा होता, तो मला सांभाळायचा होता.

वार, म्हणजे वासरामागची ती गर्भाची पिशवी, पडली दुपारी चारला. मग आत्या धारेला बसल्या. कालवडीच्या तोंडाला जेमतेम दोन घोट लावले आणि बाकीचा चीक पाच घरी गेला. समोरच्या चाचींकडं, वाण्याकडं, चुलत दिरांकडं. चिकाचं भांडं रिकामं परत येत नाही. कोणी त्यात गुळाचा खडा टाकला, कोणी मूठभर तांदूळ. आत्यांचा चेहरा नुसता फुलला होता. घरासाठी ठेवलेल्या चिकाचा खरवस मीच केला, वेलदोडा घालून. दोन वड्या खाल्ल्याही. छान झाला होता, तेही कबूल करते.

तिसऱ्या दिवशी कालवडीला हगवण लागली. पांढरट, पाण्यासारखी, आणि वास असा की म्हशीनंसुद्धा तोंड फिरवलं. शेपटी, मागचे पाय, सगळं बरबटलेलं. डोळे आत गेले. डॉक्टर आले, सलाईन लावलं, इंजेक्शन दिलं आणि माझ्या हातात पावडरीच्या पुड्या ठेवल्या. पोटातले चांगले जिवाणू आहेत, कोमट दुधातून सकाळ-संध्याकाळ द्या, थोडं थोडं पाजा, दोन-तीन आठवडे एकही वेळ चुकवू नका, असं सांगून गेले. मला हसावं की रडावं कळेना. ज्यांच्यासाठी मी मिरजेला निघाले होते, ते जिवाणू पुडीत बसून माझ्याच गोठ्यात आले होते.

संध्याकाळी पाहते तर आत्यांनी दूध खळखळा उकळून त्यात पुडी सोडलेली. बिचाऱ्यांनी स्वच्छतेच्या काळजीनंच केलं होतं.

"आवं आत्या, मेलं की त्यातलं सगळं!"

"काय मेलं?"

"जिवंत जिवाणू असतात त्यात."

"जित्तं किडं पाजतीस व्हय लेकराला?"

एरवी हसले असते. पण इतके दिवस गिळलेलं सगळं त्या पातेल्यावर निघालं. चिकाचंही बोलले, वारेचंही बोलले, जे पहिल्या दिवशी बोलायला हवं होतं ते सगळं. आणि शेवटी म्हटलं, "आता तुम्ही तिला हात लावू नका. माझं मी बघते."

आत्या पातेलं खाली ठेवून बाहेर गेल्या. त्यानंतर पुडी, दूध, मीठसाखरेचं पाणी, सगळं माझ्याकडं. वाटीत दोन बोटं बुडवायची, ती कालवडीच्या तोंडात द्यायची, मग कालवड बोटं चोखता चोखता दूध ओढायची. दर दोन-तीन तासांनी. शुक्रवारी आत्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "मला बी दाव की कसं करतीस ते." मी मान वर न करता सांगितलं की मध्येच हात बदलायला नको. खरं सांगायचं तर मला त्यांना थोडं झुरवायचं होतं.

शनिवारी शेण घट्ट झालं. शेणाला शेणाचा वास आला म्हणून आनंदलेली बाई आमच्या गल्लीत मी पहिलीच असेन.

रविवारी आत्यांनी आपणहून विचारलं, "उद्या डब्यात काय दिऊ?" माणूस शब्दाला पक्का निघाला. मी त्यांना जवळ बसवलं, दूध किती कोमट ते मनगटावर टाकून दाखवलं, पुडी कशी ढवळायची ते दाखवलं. आत्यांनी दोनदा साबणानं हात धुतले, बोटं वाटीत बुडवून कालवडीपुढं धरली. तिनं हुंगलं, बोटं माझी नाहीत हे ओळखलं आणि तोंड फिरवलं. पुन्हा धरली, तिनं मुंडी झटकली, वाटी सांडली. मी आत जाऊन लपले, म्हटलं मी दिसले नाही तर घेईल. ती हंबरत राहिली. माझ्याकडं बघून हंबरत राहिली असती तर एक वेळ चाललं असतं, ती मी गेले त्या दाराकडं बघून हंबरत होती.

"भूक लागली की घील," आत्या म्हणाल्या. आम्ही दोघींनी मन घट्ट केलं.

सोमवारी उजाडता मी नवीन ड्रेस घालून गोठ्यात गेले. आत्या तिथंच होत्या, गुडघ्यावर बसलेल्या, मनगटापर्यंत दुधानं चिकट झालेल्या. पहाटेपासून त्या तिला विनवत होत्या. कालवड आडवी पडली होती, कान थंड, मागं पुन्हा पातळ. डबा खिडकीत भरून ठेवलेला होता. साडेसातची एसटी मी ऐकली, गेली ती.

नऊला प्रयोगशाळेत फोन केला. पंधरा दिवस मागितले. पलीकडची मुलगी गोड बोलली, पण जागा राखून ठेवता येणार नाही म्हणाली. कारण विचारलं तिनं. मी म्हटलं, घरची अडचण आहे.

आत्या डोळ्याला पदर लावून माझ्या मागं उभ्या होत्या. "मी तुला अडवलं न्हाई गं," त्या म्हणाल्या.

"न्हाई अडवलं, आत्या," मी म्हटलं. खरंच अडवलं नव्हतं. कोणावर ओरडावं तर समोर कोणीच नव्हतं, आणि कालवडीची वेळ टळून चालली होती.