डचेसच्या डोळ्यांवरचे केस

माझ्या मावशीच्या यजमानांइतका सरळ माणूस साऱ्या ठाण्यात दुसरा नव्हता. सरळ म्हणजे स्वभावाने नव्हे. स्वभाव चांगलाच तिरकस होता. पण त्यांना जगातली प्रत्येक वस्तू सरळ रेषेत लागे. नकाशे काढायच्या कचेरीत उभा जन्म गेल्यामुळे असेल, पण नौपाड्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांत एखादी तसबीर जराशी कलली तरी काकांचा घास घशात अडके. पाहुण्यांनी दारात काढलेल्या वहाणा ते भिंतीला समांतर लावून ठेवत आणि पाहुणा चहा पीत असतानाच त्याला, तुमच्या डाव्या पायाची टाच जास्त झिजलीय, चालण्यात दोष आहे, असं सांगून टाकत. मावशीची पोळी लंबगोल झाली तर ते ती मुकाट्याने खात. फक्त आधी ताटात फिरवून तिची लांब बाजू नीट आडवी करून घेत. मावशीला यापेक्षा त्यांनी पोळी भिंतीवर भिरकावलेली चालली असती.

अशा या घरात, देश स्वतंत्र झाला आणि एक विलायती बाई राहायला आली. काकांच्या कचेरीतला गोरा साहेब मायदेशी निघाला, तेव्हा त्याची खुर्ची आपल्याला मिळणार असं काका धरून चालले होते. खुर्ची मिळाली दुसऱ्याला. काकांना मिळालं साहेबाचं कुत्रं. चटईवरून झाडणी सरकत यावी तसं दिसणारं, जमिनीपर्यंत केस लोंबणारं, मांजराहून थोडंसंच मोठं असं ते प्रकरण टांग्यातून उतरलं तेव्हा त्याचं तोंड कुठल्या बाजूला आहे याबद्दल आळीत दोन मतं होती. दूधवाल्याने तर बरेच दिवस शेपटाकडून पुचकारलं. कुत्रं मूळचं तिबेटातलं, नाव मात्र विलायती: डचेस. काकांनी शब्दकोश काढून अर्थ पाहिला आणि सरदारघराण्यातल्या बाईला अगं-तुगं करणं बरं दिसत नाही म्हणून पहिल्या दिवसापासून तिला आदरार्थी बोलायला सुरुवात केली. "बसावं. अंगावर उडी मारू नये." मावशी स्वयंपाकघरातून म्हणायची, "माझ्याशी लग्न झाल्यापासून मला एकदा तरी 'बसावं' म्हणालेत का, विचारा." मावशीचं सोवळंओवळं कडक. डचेसचा केस जरी लुगड्याला लागला तरी ती पुन्हा आंघोळ करायची, आणि डचेसला केसच केस होते.

साहेबाने जाताना एकच बजावलं होतं: हिच्या डोळ्यांवरचे केस तेवढे सांभाळा. काकांना ते जाणाऱ्या माणसाचं भावनेच्या भरातलं बोलणं वाटलं. पुढे डचेसच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं, नाकाच्या दोन्ही बाजूंना तांबूस ओघळ पडले, आणि एके सकाळी तिचा एक डोळा उघडेचना. काका तिला घेऊन गुरांच्या डॉक्टरकडे गेले. त्या गृहस्थाचा सारा जन्म तबेल्यातल्या म्हशींत गेलेला. तो आधी मनसोक्त हसला, मग भिंग घेऊन वाकला आणि गंभीर झाला. केस उलटे डोळ्यांत जातात, बुबुळ खरचटतंय, वेळच्या वेळी कापले नाहीत तर ही आंधळी होईल, असं त्याने सांगितलं.

काकांनी आधी आपल्या न्हाव्याला विचारलं. तो नम्रपणे म्हणाला की कुत्र्याला लावलेली कात्री आपल्या मिशांना लागते हे कळलं तर त्याची गिऱ्हाइकं तुटतील, आणि त्यांत पहिले काकाच असतील. हे खरंच होतं. तेव्हा काकांनी हे काम स्वतःकडे घेतलं. एक छोटी कात्री विकत आणली आणि धार लावणाऱ्याकडे जाऊन तिची टोकं बोथट करून मागितली. त्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदाच कोणाला धार घालवायला आलेलं पाहिलं. त्याने तीनतीनदा विचारून खात्री करून घेतली. मग कात्रीची सवय व्हावी म्हणून काकांनी आरशासमोर स्वतःच्या भुवईवर सराव केला. त्याच आठवड्यात डोंबिवलीला आमच्याकडे लग्न होतं. एक भुवई घनदाट आणि दुसरी जवळजवळ नसलेली, अशा चेहऱ्याने काका मांडवात बसले. त्यामुळे ते सबंध वेळ कशाबद्दल तरी शंका घेताहेत असं वाटत होतं, आणि व्याह्यांनी घाबरून दोनदा येऊन जेवणात काही कमी आहे का, असं विचारलं.

पण हात बसला. मग रविवारी सकाळी मी ठाण्याला गेलो की ओटीवर हा सोहळा चाललेला असे. स्टुलावर मेणकापड, त्यावर डचेस. वाटीत बोरिक पावडर घातलेलं कोमट पाणी, शेजारी कापूस. आधी ओल्या कापसाने डोळ्यांच्या कोपऱ्यांतली खपली हलकेच भिजवून काढायची. मग फणीने केस नाकाच्या बाजूने खाली विंचरायचे. ही फणी मूळची मावशीची. तिने ती ओटीवर पाहिली त्या दिवशी त्या घरात दोन्ही वेळा पिठलं झालं. मग डाव्या हाताच्या दोन बोटांत केसांची बट धरायची, म्हणजे कात्री आणि डोळा यांच्यामध्ये नेहमी आपलं बोट राहतं, आणि कात्रीचं टोक डोळ्यापासून लांब ठेवून कापायचं. काका हे सगळं करत असताना तिला सांगत राहायचे, "काही होणार नाही. फक्त हलू नये." आणि ती खरोखरच हलत नसे. अडचण एकच होती. दोन्ही बाजू समान हव्यात. डावी बाजू उजवीला जुळवायची, मग उजवी डावीला, असं होता होता डचेसचा चेहरा कोर्टात अचानक साक्षीदार फिरलेल्या वकिलासारखा दिसायला लागे. मग काका तिला तलावपाळीवर फिरवून आणत. लोक थांबून बघत, आणि काका म्हणत, "जात तिबेटातली आहे. निगा ठाण्यातली."

काका निवृत्त झाले त्या सुमाराला मला एक गोष्ट जाणवली. तसबिरी कलायला लागल्या होत्या आणि कोणी त्या सरळ करत नव्हतं. वर्तमानपत्र ते खिडकीपाशी नेऊन वाचत आणि हल्ली शाई पातळ वापरतात म्हणून चिडत. म्युनिसिपालिटीचे दिवे मंद झालेत, असंही त्यांचं म्हणणं होतं. तेही भर दुपारी. मावशीने एकदा डोळे दाखवायचं सुचवलं तर त्यांनी दोन दिवस अबोला धरला.

मग तो रविवार आला. मी समोरच बसलो होतो. काकांनी नेहमीप्रमाणे बट धरली, कात्री चालवली आणि डचेस किंचाळली. पापणीच्या कडेला रक्ताचा एक थेंब आला. काकांचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला. आम्ही टांगा करून डॉक्टरकडे धावलो. डोळा वाचला होता, नुसती कातडी कापली गेली होती. परतताना काका टांग्यात डचेसला धोतराच्या सोग्यात धरून बसले होते. घरी आल्यावर त्यांनी कात्री कपाटात ठेवून दिली.

मी म्हटलं, मी कापत जाईन. ते म्हणाले, "तुझे हात घाईचे आहेत." न्हावी आता कीव येऊन तयार होता, पण त्यालाही नको म्हणाले. केस वाढत गेले. डचेस टेबलाच्या पायांवर आपटायला लागली, तिच्या डोळ्यांना पुन्हा धारा लागल्या. काकाही दाराच्या चौकटीवर आपटत. दोन खोल्यांत ती दोघं एकमेकांना चाचपडत हिंडायची, आणि ते बघून हसायला आलं तरी कोणी हसत नसे.

एका रविवारी मी गेलो तर ओटीवर स्टूल मांडलेलं होतं. मेणकापड, वाटी, कापूस, सगळं होतं. आणि पदर खोचून, हातात ती बोथट कात्री घेऊन मावशी उभी होती. त्या कुत्र्याला तोवर तिने बोटसुद्धा लावलेलं नव्हतं.

"धरा तिला," ती काकांना म्हणाली.

"तुला नाही जमायचं. डोळ्याजवळचं काम आहे."

"मला दिसतं," मावशी म्हणाली. "हिचं मी आज करते. उद्या तुम्ही माझ्याबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरकडे यायचं. येणार नसाल तर आत्ताच सांगा, मी कात्री ठेवून देते."

काकांनी चाचपडत मेणकापडाची कड सरळ केली. मग म्हणाले, "ते लोक डोळ्यात हत्यार घालतात." इतक्या हळू आवाजात ते कधी बोलत नसत. तेव्हा मला कळलं की पातळ शाई आणि मंद दिवे हे सगळं कशासाठी होतं.

मावशीने त्यांना धीर वगैरे दिला नाही. ती नुसती थांबून राहिली. शेवटी काकांनी डचेसचं डोकं दोन्ही तळहातांत धरलं, आणि मावशीने पहिली बट बोटांत घेतली.

मोतीबिंदूचं ऑपरेशन त्या काळी मोठं होतं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, डोळ्यांवर पट्ट्या, आणि दिवसचे दिवस निश्चल पडून राहायचं. काका ते सगळं निमूटपणे निभावून घरी आले. पुढे काही आठवड्यांनी त्यांना चष्मा मिळाला, पेल्याच्या बुडासारख्या जाड भिंगांचा. तो घालून त्यांनी पहिल्यांदा डचेसला मांडीवर घेतलं, तेव्हा मावशी आणि मी दोघंही श्वास रोखून उभे होतो. कारण केस कापायचं काम फारच वाकडं झालं होतं. एका डोळ्यावर महिरप होती, दुसऱ्यावर नुसता खुंट. डोळे मात्र स्वच्छ होते, कोरडे आणि चकचकीत काळे.

काकांनी तिची हनुवटी धरून तोंड इकडे वळवलं, तिकडे वळवलं. मावशी बोलणी खायच्या तयारीत होती. मग त्यांनी मान वर करून मावशीकडे पाहिलं आणि पाहतच राहिले.

"तुझे केस कधी पिकले गं एवढे?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही हिचे कापत होतात तेव्हा," मावशी म्हणाली आणि मघाशी डचेसचे डोळे पुसायला घेतलेलं वाटीतलं पाणी टाकायला मोरीकडे वळली.

 चष्मा काढून काकांनी तो सोग्याने पुसला, पुन्हा घातला. मावशी मोरीतून परत आली, वाटी फडताळात ठेवून भाजी चिरायला बसली, तरी काका कुत्र्याला मांडीवर घेऊन तिच्याकडेच बघत बसले होते.