गाठ न मारलेला टाका

बायकोने भरतकामाच्या मॅटी कापडावर भरायला घेतलेला मोर अर्धाच राहिला. पिसारा व्हायचा होता आणि शेवटच्या टाक्याशी सुई तशीच खोचलेली होती. ती गेल्यावर लेकीने घरातली एक जुनी फ्रेम रिकामी केली आणि कापड पुठ्ठ्यावर ताणून बसवलं.

"बाबा, सुई काढा ना, काच बसत नाहीये."

मी दोरा कापला, सुई काढली. काहीच वाटलं नाही. ती गेली त्या दिवशीही मी आलेल्यांच्या चहाचे कपच मोजत होतो.

लेकीने मागून चुका ठोकल्या आणि मोर भिंतीवर लागला. अपुरं काम काचेमागे गेलं की पुरं दिसायला लागतं, हे मला माहीत नव्हतं.

मग आठवलं, गाठ मारायची राहिली. बायको दोरा तोडण्याआधी कापड उलटं करून गाठ मारायचीच. "नाहीतर उसवेल की सगळं," म्हणायची.

लेकीला सांगितलं, तर ती म्हणाली, "राहू दे बाबा, काचेने धरलंय ना."

खरं आहे. मीही सध्या तसाच आहे. कुणी काच काढली नाही म्हणजे झालं.