थडग्यापुढचं गाऱ्हाणं

जिवंतांपेक्षा मेलेल्यांशी जास्त घरोबा असलेला मस्कतमधला एकच मराठी माणूस मला ठाऊक आहे, आणि तो आमच्या वरच्या मजल्यावर राहत असे. सगळी इमारत त्यांना काका म्हणे. ते कुडाळकडचे. कुरुममधल्या एका कंपनीत एसीच्या डक्टला पत्रा किती लागेल याचा अंदाज काढणं ही त्यांची नोकरी. ती ते नेमाने करत, पण तिच्याविषयी बोलत नसत. बोलत ते थडग्यांविषयी. किनाऱ्यावरच्या बरका गावाहून आत वळलं की डोंगराच्या पायथ्याशी दगडांचे काळपट ढिगारे दिसतात. नवख्याला वाटतं, रस्त्याचं काम उरकून कंत्राटदाराने टाकून दिलेले असावेत. काकांना ती वस्ती वाटे. इस्लाम येण्याच्या आसपासच्या शतकांत इथल्या लोकांनी आपली माणसं त्यांत पुरली होती, काही तर त्याहून जुन्या थडग्यांतच पुन्हा जागा करून. गाडी तिथे पोचली की काका खिडकीची काच खाली करत आणि एसी बंद करत. शेजाऱ्यांच्या दारात एसी लावून बसणं त्यांना बरं दिसत नसे.

त्यांच्याबरोबर शुक्रवारी कुठेही निघालं तरी शेवट त्या ढिगाऱ्यांपाशीच होई. बरक्याच्या बाजारात सुरमई घेऊन तडक घरी जायचं असं काकूंनी बजावलेलं असे. काका मान हलवत आणि गाडी डोंगराकडे वळवत. बर्फ वितळे, सुरमईचा वास गाडीभर पसरे आणि काकू पुढच्या सीटवर नाकाला पदर लावून बसत. माझ्याकडे पुण्याहून पाहुणे आले होते. त्यांना मॉल बघायचा होता, त्यांनी थडगी पाहिली. ‘ह्यांनी किल्ला बांधला नाही की काही लिहून ठेवलं नाही,’ काका त्यांना सांगत होते. ‘माणूस कुठल्या कुशीवर निजवलाय, उशाशी मडकं आहे की मणी, एवढंच काय ते मागे राहिलंय. म्हणून इथला दगड हलवायचा नाही.’ पाहुण्यांनी मन लावून ऐकलं आणि मॉल किती वाजता बंद होतो ते विचारलं.

दगड काका कधीच हलवत नसत. पण गावाकडे ज्याच्या हद्दीत पाय ठेवायचा त्या राखणदाराला नारळ देऊन गाऱ्हाणं घालायची रीत, आणि ती मोडणं त्यांना जमत नसे. ते बूट काढून ढिगाऱ्यासमोर उभे राहत. ‘बा म्हाराजा, हय जो कोण निजलेलो आसा, तेका सांगणा करतंय. आमी वाटसरू. पाय चुकान पडलो तर सांभाळून घे रे म्हाराजा.’ बरोबरच्या सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. मग नारळ फोडून एक भकल दगडांच्या फटीत आणि दुसऱ्याचं खोबरं गाडीत सगळ्यांना. इमारतीतली मुलं आपसात इंग्रजी बोलणारी. त्यांना मराठी धड येत नसे, पण ‘व्हय म्हाराजा’ तेवढं खणखणीत येई. लिफ्टचं दार बंद होताना ती ते एका सुरात म्हणत.

अशात त्यातला एक ढिगारा उघडायला पुरातत्त्वाची एक तुकडी आली. प्रमुख एक तरुण ओमानी डॉक्टरबाई होत्या. काकांनी इतके खेटे घातले की शनिवारी येऊन माती चाळायची परवानगी त्यांना मिळाली. काकांनी नवी टोपी आणि हातमोजे घेतले. लग्नात हा माणूस इतका नटला नव्हता, असं काकू म्हणाल्या. एका शनिवारी मीही डबा घेऊन गेलो होतो. थडग्याच्या तोंडाशी ढासळलेल्या दगडांखाली वाळून काळी पडलेली करवंटी निघाली. बाई खूश झाल्या. समुद्रापासून इतक्या आत नारळ म्हणजे तो कोणीतरी मुद्दाम आणला असणार. तिचं वय काढायला ती परदेशी पाठवायचं ठरलं. काका चाळणीपाशी खाली बसले. आयुष्यभर हवी होती ती जागा त्यांना नुकती मिळाली होती, आणि खरं सांगितलं तर ती जाणार होती. गप्प राहिले असते तर तपासणीचा निकाल येईपर्यंतचे शनिवार तरी पदरात पडले असते. मला हे कळत होतं, कारण त्या नारळाचं दुसरं भकल बहुधा मीच खाल्लं होतं.

काका उठले, टोपी काढली आणि म्हणाले, ‘डॉक्टर, तो नारळ माझा आहे.’

‘हो, तुमच्याच चाळणीजवळ सापडला. तशी नोंद करू.’

‘तसं नव्हे. फोडलाही मीच.’

मग त्यांनी सगळं सांगितलं. आणखी कुठे कुठे ठेवलेत, असं बाईंनी विचारलं. काकांनी हात केला. हात त्या ढिगाऱ्यावरून पुढच्यावर गेला, तिथून पुढच्यावर, आणि डोंगर संपला तेव्हा थांबला.

‘थडगं एकदाच उघडता येतं,’ बाई म्हणाल्या. ‘वरचा थर खोटं बोलला, तर खालच्यावर कोण विश्वास ठेवणार?’ काकांनी हातमोजेही काढायला घेतले. ‘ते राहू द्या. टोपी घाला. यल्ला, एकेक जागा दाखवा मला. आणि यापुढे नारळ खलास.’

‘आणि गाऱ्हाणं?’

बाईंनी त्याचा अर्थ समजून घेतला. ‘शब्द जमिनीत उरत नाहीत,’ त्या म्हणाल्या. ‘ते चालेल.’

त्या हिवाळ्यातले उरलेले सगळे शनिवार काका ढिगाऱ्या-ढिगाऱ्यांतून आपल्याच करवंट्या वेचत हिंडले. दर करवंटीपाशी बाई फोटो काढून जागा टिपत, मगच काका ती उचलत. हयातीतच स्वतःचं उत्खनन केलेला दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही. काम संपलं, दगड जिथले तिथे रचले गेले, तेव्हा काकांनी रिकाम्या हातांनी गाऱ्हाणं घातलं. बाई जरा दूर, हात बांधून, ते संपेपर्यंत उभ्या होत्या.

पुढे काका निवृत्त होऊन कुडाळला गेले. फोनवर माझी चौकशी उरकली की ‘शेजारी’ कसे आहेत ते विचारतात. परवा सोहारहून येताना मी गाडी आत वळवली. ढिगारे होते तसेच आहेत. काकांची एकही खूण तिथे नाही, ती त्यांनी स्वतःच वेचून नेली. मी काच खाली केली, एसी बंद केला. गाऱ्हाणं मला येत नाही. त्याला द्यायचा जबाब तेवढा येतो. काकांच्या गाऱ्हाण्याला लागे तेवढा वेळ थांबलो आणि तो दिला.