केळीची फुलं, नानांची थोटकं

किस्से आणि थोटकं यांचं एकच असतं. सकाळी झाडून काढा, संध्याकाळी पुन्हा ढीग. रावेरजवळच्या आमच्या केळी पॅकिंगच्या शेडमध्ये दोन्हींचा तुटवडा कधीच नव्हता.

इंजिनिअरिंग मधेच सोडलं तेव्हा बापाने मला इथे चिकटवलं. पोस्ट सुपरवायझर. काम? म्हाताऱ्यांच्या सिगारेटची थोटकं उचलणं! त्यात एक्स्पोर्टवाल्यांचा साहेब तपासणीला येणार होता. पास झालो तर सीझनभर माल परदेशी जाणार. नापास झालो तर शेडला कुलूप आणि मी घरी, बापाच्या भाषणासमोर.

*

मालक नाना, मूळचे धुळ्याकडचे. अर्धी सिगारेट विझवून कानामागे खोचायची, ही त्यांची बचत. 'धूम्रपान सक्त मनाई'चा बोर्ड त्यांनी स्वतः ठोकला. मागे सरून नीट बघितला, तोंडातलं थोटूक पायाखाली चिरडलं आणि अहिराणीत गरजले, "आते देखू, कोनी हिंमत शे!"

*

मग मी थोटकं टाकायला वाळूचा डबा ठेवला. वजनकाट्यावर बसणारे आबा रिटायर्ड मास्तर. त्यांनी वाळू ओतली, माती भरली आणि तुळस लावली! थोटूक मात्र डब्याशेजारी, जमिनीवर.

"आबा, डबा कशाला ठेवलाय?"

"तुळशीत थोटूक टाकू? संस्कार नावाची चीज आहे का तुम्हा पोरांत?"

*

ट्रकवाले भाऊ माल घेऊन जळगावला निघाले होते. खिडकीतून थोटूक भिरकावलं, ते वाऱ्याने मागे, केळीवर झाकलेल्या वाळक्या पाल्यावर. नशिराबादला लोक हातवारे करून ओरडत होते आणि भाऊ प्रत्येकाला हॉर्न वाजवून रामराम घालत होते! शेवटी धूर केबिनमध्ये शिरला तेव्हा उतरले.

पहिलं वाक्य काय? "कोण्या हरामखोराने सिगारेट टाकली रे?"

*

केळीच्या टोकाला वाळकं फूल चिकटलेलं असतं. ती फुलं मोडणाऱ्या बायकांची म्होरकी अक्का. एकदा जाम भडकली. "नाना, खाली फुलं कोणती आन तुमची थोटकं कोणती, मला काही समजत नाही!"

नाना एकदम खूश. "मंग साहेबले तरी काय समजी?"

ही आमच्याकडची वडीलधारी अक्कल!

*

तपासणीचा दिवस. सकाळपासून झाडून माझी कंबर मोडलेली. फरशी चकाचक, साहेब खूश. नाना म्हणाले, "पाणी बघा साहेब, आरशासारखं!" आणि केळी धुवायच्या टाकीवर वाकले.

कानामागचं थोटूक टपकन पाण्यात!

बायकांचे हात थांबले. साहेबांनी चिमट्याने ते उचललं. "हे काय?"

"केळीचं फूल, साहेब," नाना म्हणाले. "वाळकं."

"फुलाची तर भाजी करतात ना तुमच्याकडे?"

"हो हो, फर्स्ट क्लास!"

"मग खाऊन दाखवा."

नानांनी माझ्याकडे बघितलं. मी आबांकडे. आबांनी तुळशीकडे.

नानांनी थोटूक तोंडात टाकलं. चावलं. गिळलं!

"कसं लागतंय?"

"जरा... तुरट शे."

साहेबांनी हसू लपवायला तोंड फिरवलं आणि पासची सही केली. निघताना म्हणाले, "पुढच्या वेळी असं फूल दिसलं, तर टोपलीभर खायला लावीन."

गाडी गेली. नाना अजून टाकी धरून उभे, डोळ्यांत पाणी. अक्का शांतपणे जवळ गेली.

"नाना, पाणी देऊ, का काडेपेटी?"